मुलीचं उष्टावण पाचव्यात की सातव्यात? आणि मधल्या 26 दिवसांचं काय करू?

चिऊची_आई

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या, एका हाताने टाईप करतेय, दुसऱ्या हातावर ही झोपलीय.

मुलगी 4 महिने 12 दिवसांची. वजन छान वाढतंय, फक्त अंगावरचं दूध. माझी रजा 26 आठवड्यांची, पण बीपीमुळे 4 आठवडे आधीच घ्यावी लागली म्हणजे डिलिव्हरीनंतर उरले 22. ऑफिस जॉईन करीन तेव्हा चिऊ 154 दिवसांची असेल. आणि डॉक्टर म्हणतात 180 दिवस पूर्ण होईपर्यंत वरचं काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. कॅलेंडर घेऊन बसले तर मधे बरोबर 26 दिवस उरतात. रजा 26 आठवड्यांची आणि घोळ 26 दिवसांचा.

आता खरी गोष्ट. सासूबाई म्हणतात मुलींचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्यात नाहीतर सातव्यात. मुलग्यांचं सम महिन्यात. तर पाचव्यातच उरकून टाकू म्हणजे तू ऑफिसला गेलीस की मी मऊ भात, डाळीचं पाणी सुरू करते, पोर उपाशी राहायला नको. माझा भाऊ कोल्हापूरहून यायला तयारच बसलाय, सोन्याची अंगठी पण घेऊन ठेवलीय. सासूबाई वाईट नाहीत हां, उलट त्यांच्याच जिवावर मी नोकरीला जाणार आहे म्हणूनच तर वाद पण घालता येत नाही.

त्यात काल रात्री सासरे जेवत होते आणि ही माझ्या मांडीवर. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला की हिची मान तिकडे, घास वर गेला की डोळे वर, त्यांनी चावायला सुरुवात केली की हिचं पण बोळकं हलतंय. सासूबाई लगेच "बघ, मागतेय पोर." आणि खरं सांगू, मलाही वाटलं मागतेय.

तर थांबू का देऊ? पहिलं काय द्यायचं, नाचणी सत्त्व विकतचं घ्यायचं का घरी करायचं, डाळीचं पाणी किती? सगळं सांगा प्लीज. पुण्यात असतो आम्ही.

दोन_पिल्लांची_आई

अगं तुझ्या प्रश्नात उत्तर आहे की. 180 दिवस म्हणजे सहा महिने पूर्ण, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून सातवा चालू! सातवा विषमच आहे, सासूबाई पण खूश आणि डॉक्टर पण खूश. मुलींच्या बाबतीत आपल्या शास्त्राचं आणि डॉक्टरांचं इतकं मस्त जमतं, मुलग्याच्या वेळी मला घाम फुटला होता कारण सहावा म्हणजे चालू सहावा की पूर्ण सहावा यावर घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. तू सासूबाईंना "डॉक्टर नाही म्हणतात" असं सांगूच नकोस, "आई, सातव्यात करूया, दादालाही तेव्हा सुट्टी मिळतेय" एवढंच सांग. विषय संपला.

आणि ताटाकडे बघणं म्हणजे भूक नाही गं. या वयात त्यांना सगळंच बघायचं असतं, माझी धाकटी तर बाबा दाढी करायला लागला की अशीच तोंड हलवायची, म्हणून काय तिला रेझर द्यायचा? खरी तयारी बघायची म्हणजे मान पक्की सावरते का, थोडा आधार दिला की बसते का, आणि चमचा ओठाला लावला की जीभ बाहेर ढकलते का आत घेते. चार महिन्यांत बहुतेक पोरं ढकलतात. तो त्यांचा बचाव असतो, नखरा नाही.

मधल्या 26 दिवसांसाठी दूध काढून ठेवायचं. आतापासूनच रोज सकाळी एकदा पंप कर, सकाळी जास्त येतं, आणि फ्रीजरला छोट्या छोट्या डब्यात तारखा घालून ठेव. बाहेर 4 तास म्हणतात पण तो हिशोब 25 डिग्रीपर्यंतचा, आपल्या एप्रिल-मेच्या पुण्यात नाही, तेव्हा सरळ फ्रीज. फ्रीजमधे 4 दिवस चालतं, मागच्या बाजूला ठेव, दारात नको. गरम पाण्यात डबा बुडवून कोमट करायचं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमधे नाही. आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने (चोच असलेली छोटी वाटी) पाजायला सांग. तुझ्या सासूबाईंना बोंडलं माहीत असणारच, त्यात त्या एक्सपर्ट निघतील आणि त्यांना काहीतरी "देण्याचं" समाधान पण मिळेल.

आजीचा_बटवा

बाळा, मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूची आहे आधीच सांगते 😄 वय 68. आम्ही पाचव्यातच केलं, पोरं वाढली. पण तेव्हा आम्ही गुटीत मध पण चाटवायचो आणि नातवाच्या वेळी मी बोट मधात बुडवून नेलं तर सून एवढी ओरडली की मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. मग तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी नीट समजावलं की मधात एका जंतूची बीजं असू शकतात, आपल्याला काही होत नाही पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात, बाळ ढिलं पडतं, गिळता येत नाही. कितीही शुद्ध मध असला, उकळला तरी ती बीजं मरत नाहीत. तेव्हापासून मीच सगळ्यांना सांगत सुटते. तर सासूबाईंना तूही घेऊन जा एकदा डॉक्टरकडे. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं यात फरक असतो, आम्हालाही असतो.

आता पहिलं काय ते सांगते. खिमटी. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, धुऊन सुती कापडावर सावलीत वाळवायचं, मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजायचं. वास सुटला पाहिजे पण रंग बदलता कामा नये. भाजताना चिमूटभर जिरं. गार झालं की मिक्सरला रवाळ काढायचं, पीठ नाही. एक मोठा चमचा भरड वाटीभर पाण्यात कालवून मग गॅसवर ठेवायची, कालवल्याशिवाय टाकलीस तर गोळेच गोळे. सतत हलवत रहा. उतरवल्यावर अर्धा चमचा साजूक तूप. मीठ नाही, साखर नाही. तुला अळणी लागेल, तिला काय माहीत मीठ म्हणजे काय. पंधरा दिवसाचीच भरड करून ठेव, जास्त नको, जुनी झाली की कुबट वास येतो.

पोषण_किडा

आजींची खिमटी 10 पैकी 10. मी फक्त डाळीच्या पाण्याबद्दल लिहायला आलोय कारण ते वाचलं की माझं डोकं फिरतं. (बायको म्हणते तू बाळापेक्षा बाळाच्या वाटीकडे जास्त बघतोस. खरं आहे.)

सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 200 मिली मावतं, एक मोठा कप चहाएवढं. आणि सहा ते आठ महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय दिवसाला वरून 200 कॅलरीच्या आसपास लागतात. आता त्या एवढ्याशा पोटात तुम्ही डाळीचं वरचं पाणी ओतलंत तर पोट भरलं, बाळ गप झोपलं, आजी खूश, पण गेलं काय? पिवळं पाणी. डाळ राहिली कुकरच्या भांड्यात तळाला आणि ती खाल्ली बाबांनी. तांदळाच्या पातळ पेजेचं पण तेच. साधा नियम म्हणजे चमचा आडवा केला तर पदार्थ टपकन ओघळता कामा नये, चमच्यावर बसला पाहिजे. डाळ द्यायची तर घोटून, गाळासकट.

दुसरं लोह. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि दुधात लोह फारच थोडं असतं. म्हणून 180 दिवसाआधी घाई नको तसं 180 नंतर "अजून दात कुठे आलेत" करत आठव्या नवव्यापर्यंत लांबवणं पण तितकंच वाईट. दात लागत नाहीत, हिरड्या पुरतात.

नाचणी: कॅल्शियमला उत्तम, 100 ग्रॅममधे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण लोहासाठी एकट्या नाचणीवर विसंबू नका, ते बेताचंच असतं आणि अंगी पण कमी लागतं. लिंबाचे दोन थेंब पिळले तर बरं शोषलं जातं. आता मोड आणून करायची का? हो हो हो. रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून दीड-दोन दिवस, पांढरे टोक आले की सावलीत वाळवा, अगदी हलकी भाजा, दळा. मोड येताना धान्यात स्टार्च तोडणारं एन्झाइम तयार होतं. मी घरी करून बघितलंय: साध्या नाचणीच्या पिठाची लापशी इतकी घट्ट केली की चमचा उभा राहिला, उतरवून कोमटाच्या जरा वर असताना त्यात एक छोटा चमचा मोडाचं पीठ ढवळलं आणि पाच-सात मिनिटात ती ओतता येईल इतकी सैल झाली! पाणी एक थेंब न घालता. म्हणजे त्याच वाटीत जास्त पीठ मावलं आणि बाळाला गिळता पण आलं. (त्यानंतर परत एक उकळी काढायची, कच्चं पीठ देऊ नका.) आपल्या आज्यांना एन्झाइम माहीत नव्हतं, पण मोड आणायची रीत त्यांनी सोडली नाही. आणि फार भाजू नका, भाजण्यात ते एन्झाइम मरतं.

ते भिजवून वाटून कापडातून पिळून जे पांढरं सत्त्व काढतात त्यात कोंड्याबरोबर बरंचसं कॅल्शियम, लोह फडक्यातच राहतं. पहिले आठ पंधरा दिवस वस्त्रगाळ ठीक, नंतर चाळलेलं पूर्ण पीठ. विकतचं घेतलंत तर मागचं लेबल वाचा, साखर किंवा दूध पावडर दुसऱ्या तिसऱ्या नंबरवर दिसली तर परत ठेवा.

रांगडा_गडी

एवढं काय त्यात. आमच्या दोन्ही पोरांना चौथ्या महिन्यात गाईचं दूध न बिस्किट भिजवून चालू केलं. काय झालं? एक आता कुस्ती खेळतो.

दोन_पिल्लांची_आई

दादा कुस्ती खेळतो ते छानच. पण वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून गाईचं नको म्हणतात कारण त्यात लोह अगदी कमी असतं आणि बाळाच्या आतड्याला ते झेपत नाही, आणि बिस्किट म्हणजे मैदा साखर. ज्यांना त्रास झाला ते इथे येऊन सांगत नाहीत हो.

म्युनिकचा_बाबा

रांगडे दादांची बाजू अर्धी घेतो. आम्ही जर्मनीत आहोत, इथे अधिकृत सल्ला असा की पाचवा महिना सुरू व्हायच्या आधी नाही आणि सातवा सुरू झाल्यावर उशीर नाही, मधे बाळ तयार दिसेल तेव्हा. त्यामुळे पाचवा म्हणजे लगेच विष असं नाही. पण भारतात सहा पूर्ण सांगतात त्यामागे पाणी, भांडी, जुलाब हे पण आहे, आणि तुमच्याकडे अंगावरचं दूध व्यवस्थित चालू आहे तर थांबण्यात तोटा काही दिसत नाही.

गंमत म्हणजे इथे पहिल्यांदा गाजर किंवा पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं कंद), आणि मग लगेच बटाटा-भाजी-मटण असं एकत्र वाटून देतात, लोहासाठी. माझी आई व्हिडिओ कॉलवर "सहा महिन्याच्या पोराला मटण??" करून ओरडली, आणि शेजारची जर्मन आजी आमच्या तूप-भाताकडे बघून तसंच तोंड करते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी शिकून ठेवा, ठसका आणि घास अडकणं यातला फरक. पहिल्या आठवड्यात मुलगा ठसकला, लालबुंद, डोळ्यात पाणी, आवाज, मी बोट घालायला धावलो, बायकोने हात धरला. तो स्वतःच पुढे आणत होता. आवाज येतोय म्हणजे हवा जातेय, थांबायचं. आवाज बंद, रडता येत नाही, रंग निळसर, तेव्हा खरं अडकलंय. मग बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मधे 5 थापट्या, मग उताणं करून छातीवर एका तळहाताच्या टाचेने 5 दाब, आलटून पालटून, आणि कोणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन. तोंडात आंधळं बोट घालायचं नाही. आजी-आजोबांना हे आधी दाखवून ठेवा, कारण दुपारी घरी तेच असणार. आणि अख्खे दाणे, चणे, अख्खं द्राक्ष चार-पाच वर्षांपर्यंत हातात नको.

मालवणी_पोर

मटणाचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे मुडदुशे मासे! माझ्या झिलाला साडेसातव्या महिन्यात आईने मुडदुश्याचं पांढरं मांस उकडून, बोटांनी दोनदा तिनदा कुस्करून काटा नाही ना बघत उकड्या तांदळाच्या पेजेत कालवून दिलं. ते बोटांनी कुस्करणं म्हणजे नुसतं कुस्करणं नाही, आई डोळे मिटून करायची, म्हणायची काटा डोळ्याला नाही बोटाला कळतो.

अंडं पण द्या, पूर्ण शिजलेलं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की अॅलर्जीच्या भीतीने अंडं, दाणे वर्षभर थांबवायची पद्धत आता गेली. 2015 मधे लंडनला मोठा अभ्यास झाला 640 बाळांवर, त्यात ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा दिला त्यांच्यात अॅलर्जी 80 टक्क्यांच्या आसपास कमी निघाली. आपल्याकडे सोपंय, दाण्याचं बारीक कूट पेजेत. फक्त अंगावर खूप एक्झिमा असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि नवीन पदार्थ सकाळी द्यायचा, संध्याकाळी नाही, म्हणजे पुरळ बिरळ आलं तर दवाखाना उघडा असतो.

उपकेंद्राची_ताई

फक्त एकच भर घालते, मी आरोग्य उपकेंद्रावर काम करते. सहा महिन्यांनंतर लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिली, आशाताईंकडे मोफत मिळतं, शहरात पण विचारा, बरेच जण घेतच नाहीत. शी काळपट होते त्याने, घाबरायचं नाही. अंगणवाडीत नाव घातलं तर सहा महिने ते तीन वर्ष घरी न्यायचा आहार पण मिळतो. आणि सुरुवात दोन तीन चमचे, दिवसातून दोनदा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. दूध आधीसारखंच चालू. तोंड फिरवलं की संपलं, मोबाईल दाखवून घास कोंबायचा नाही.

चिऊची_आई

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. "दादाला सातव्यात सुट्टी मिळतेय" चाललं!! सासूबाईंनी पंचांग काढलं, बोटं मोजली आणि म्हणाल्या "सातवाच बरा, पाचव्यात फार लहान असतं लेकरू." मी गप. बोंडलं त्यांनी माळ्यावरून स्वतः काढलं, नवऱ्याचं आहे, 34 वर्ष जुनं, चांदीचं, चिंचेने घासून लख्ख केलंय. पंपिंग चालू केलं, पहिल्या दिवशी 40 मिली आलं आणि मी रडले.

आजीचा_बटवा

40 खूप झालं गं. रडू नकोस. पाणी पी भरपूर.

चिऊची_आई

अपडेट द्यायचं राहिलं होतं. काल झालं उष्टावण, 184 वा दिवस.

26 दिवस निघाले कसेबसे, शेवटचे चार दिवस फ्रीजर रिकामा आणि मी ऑफिसच्या स्टोअर रूममधे फायलींच्या मागे पंप घेऊन. पण निघाले. दादाने मांडीवर घेतलं, अंगठी आधी उकळून घेतली (माझी अट), तांदळाची खीर साखरेऐवजी खजुराच्या गराची, तीही बोटभरच. अंगठी जिभेला लावली तर हिने असं तोंड केलं की जणू मामाने फसवलंय. मग सासूबाईंनी स्वतः केलेली खिमटी. पहिला चमचा जिभेने बाहेर, हनुवटीवर. दुसरा पण. सासूबाई म्हणाल्या राहू दे, आज नको असेल तिला. तेवढ्यात हिने दोन्ही हातांनी चमचा पकडला आणि उलटा, दांडीकडूनच, तोंडात घातला. निम्मी खिमटी मानेच्या घडीत सापडली, थोडी कानात.

आज सकाळी मोडाच्या नाचणीचे तीन चमचे खाल्ले. दुपारी ऑफिसात सासूबाईंचा फोन, घाबरलेल्या, शी चॉकलेटी झालीय. मी त्यांना इथला धागा वाचून दाखवला. आता त्या विचारतायत की पोषण_किडा यांना विचार हरभऱ्याची डाळ कधी चालेल, आणि आजीचा_बटवा कुठल्या गावच्या, ओळखीच्या वाटतात. आणि माझा प्रश्न वेगळाच आहे, पांढऱ्या झबल्यावरचे नाचणीचे डाग कशाने जातात?

पोषण_किडा

हरभऱ्याची सध्या राहू दे, गॅस होतो काहींना, मूग मग मसूर मग तूर अशा क्रमाने जा, हरभरा आठव्या नवव्यात बघू. काकूंना नमस्कार सांगा.

मालवणी_पोर

डाग जात नाहीत. गडद रंगाची झबली घे.